औषधपेठ आणि औषधविवेक : शहागंजच्या निमित्ताने प्रतिजैविकांच्या वापराचा इतिहास

औरंगाबाद शहराच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगराच्या, जुन्या वस्तीत शहागंज ही पेठ आहे. 'गंज' या फार्सी शब्दाला खजिना, कोठार आणि बाजार असे तिन्ही अर्थ आहेत. आणि मलिक अंबराने १६१० च्या सुमारास वसविलेल्या या नगराच्या इतिहासात शहागंजने हे तिन्ही अर्थ कमीअधिक प्रमाणात सार्थ केले आहेत. चौकातील मोठी मशीद १७२० च्या सुमारास उभी राहिली असे मानतात. तिच्या चौथऱ्याच्या तीन अंगांस दुकाने काढलेली असून चौथे, उत्तरेकडील अंग पायऱ्यांसाठी मोकळे ठेवलेले आहे. पुढील काळात या परिसरात घड्याळाचा मनोरा आला, महात्मा गांधींचा पुतळा आला. राज्ये बदलली, चलन बदलले. देवघेव मात्र अखंड चालू राहिली.

बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंचा एक साधा नियम असतो. ज्याने दाम मोजले त्याची वस्तू झाली. तिचा उपयोग त्याने कसाही केला तरी शेजाऱ्याचे त्यात काही जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास बाजारात अशी एक वस्तू आली की, जिला हा नियम लागू पडत नाही. ती वस्तू म्हणजे प्रतिजैविक औषध. एका रोग्याने त्याचा अविचाराने केलेला वापर दुसऱ्या, त्याला संपूर्ण अपरिचित असलेल्या रोग्याच्या कामी येणारे औषध निकामी करू शकतो. या औषधाच्या सुरक्षित व परिणामकारक वापराचे जे नियम आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत क्रमवार दिलेले आढळतात, ते कोणा एका आचार्याने एका बैठकीत रचलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे एखादे अपयश, एखादा अपघात वा एखादी चाचणी उभी आहे. आणि त्यांपैकी कित्येक प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेले आहेत. त्या प्रसंगांचा परामर्श घेतला असता नियमांचा खरा आशय अधिक स्पष्ट होतो.

पूर्वपीठिका

१९४८ पर्यंत औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता, आयुर्वेदाची परंपरा घरोघर होती आणि पाश्चात्त्य वैद्यकाची रुग्णालये मोजकी होती. मराठवाड्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९५६ साली. लोक ज्याला 'घाटी' या सुटसुटीत नावाने ओळखतात तेच हे महाविद्यालय व रुग्णालय. विद्यापीठ त्याहून दोन वर्षांनी, १९५८ साली स्थापन झाले. या तारखा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण जागतिक बाजारात पेनिसिलिन नागरी उपयोगासाठी खुले झाले ते १९४५ मध्ये, म्हणजे घाटीच्या स्थापनेपूर्वी अकरा वर्षे. औषध आधी आणि ते देण्याचे शास्त्र शिकविणारी संस्था मागाहून, असा क्रम येथे लागला. मराठवाड्यातील औषधवापराच्या इतिहासाचा विचार करताना हा क्रम नजरेआड करून चालणार नाही.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग याने १९२८ साली लंडनमध्ये लावला, आणि फ्लोरी, चेन व त्यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी यांनी १९४० च्या सुमारास त्याला औषधाचे रूप दिले. १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते प्रथम टोचण्यात आले. रोगी झपाट्याने सुधारू लागला. परंतु औषधाचा साठा इतका तुटपुंजा होता की, त्याच्या मूत्रातून पेनिसिलिन पुन्हा गाळून काढावे लागले. अखेर साठा संपला, रोग उलटला आणि मार्चमध्ये तो मरण पावला. पुरेशी मात्रा पुरेसा काळ मिळाली नाही तर उत्तम औषधही व्यर्थ ठरते, हा पहिला धडा पहिल्याच रोग्याने दिला. दुसरी गोष्ट याहूनही सूचक आहे. पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य काही जंतू स्वतःच निर्माण करतात, हे अब्राहम व चेन यांनी १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध केले होते. म्हणजे औषध रोग्याच्या शरीरात पोहोचण्यापूर्वीच त्याच्या पराभवाचे बीज शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले होते.

१९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात फ्लेमिंगने याच धोक्याचा इशारा दिला. पेनिसिलिन दुकानातून कोणालाही विकत घेता येईल असा काळ येईल, आणि मग अज्ञानी मनुष्य स्वतःलाच अपुरी मात्रा देऊन आपल्या शरीरातील जंतूंना औषधाची सवय लावील, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याने एक कल्पित दृष्टान्तही दिला : घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ थोडेसे पेनिसिलिन घेतो, जंतू मरत तर नाहीतच, उलट चिवट होतात, ते त्याच्या पत्नीस लागतात, आणि तिला न्यूमोनिया झाला असता औषध चालत नाही. दोष एकाचा, प्राण दुसऱ्याचे. शहागंजसारख्या कोणत्याही पेठेतील औषधविक्रीचा प्रश्न त्या व्याख्यानात, पेठेचे नाव न घेता, पुरता मांडलेला होता.

आगाखान पॅलेसमधील निर्णय

फ्लेमिंगच्या या इशाऱ्याआधी पावणेदोन वर्षे पुण्यात एक प्रसंग घडला. 'औषध द्यावे की न द्यावे' हा प्रश्न भारतात इतक्या ठळकपणे बहुधा त्या आधी उपस्थित झाला नसेल. १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा गांधी मृत्युशय्येवर होत्या. हृदयविकाराने त्या क्षीण झालेल्या होत्या व त्यात न्यूमोनियाची भर पडली होती. त्यांचे पुत्र देवदास यांच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणविण्यात आले. त्या काळी हे औषध भारतात अत्यंत दुर्मिळ होते. ते दिवसरात्र दर काही तासांनी टोचावे लागणार, हे समजल्यावर महात्मा गांधींनी त्याला संमती दिली नाही; आणि २२ फेब्रुवारी रोजी कस्तुरबांचे देहावसान झाले.

या निर्णयाची चर्चा बहुधा श्रद्धा विरुद्ध विज्ञान अशा भूमिकेवरून केली जाते. ती अपुरी होय. डॉ. गिल्डर व डॉ. सुशीला नय्यर हे जवळ असलेले वैद्य कुशल होते. परंतु मूळ व्याधी हृदयाची होती, आणि जंतूंवरील औषध हृदयाला नवी शक्ती देऊ शकत नाही. रोगाचे कारण काय, औषध नेमके कशावर चालणार, त्यापासून होणाऱ्या लाभाचे व रोग्याला सोसाव्या लागणाऱ्या कष्टांचे प्रमाण काय, हे तीन प्रश्न प्रत्येक प्रतिजैविक लिहून देण्यापूर्वी विचारले पाहिजेत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आगाखान पॅलेसमधील निर्णय योग्य होता की अयोग्य, याविषयी मतभेद राहतील. तथापि तेथे हे प्रश्न निदान विचारले गेले. पुढे औषध मुबलक झाले, आणि प्रश्न विचारण्याची ही सवय मात्र क्षीण होत गेली.

पिंपरीचा कारखाना

औषध मुबलक करण्याचे कार्यही महाराष्ट्रातच झाले. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांनी औषधनिर्मितीत स्वावलंबन असले पाहिजे, हा विचार दीर्घकाळ आग्रहाने मांडला होता. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ पासून स्ट्रेप्टोमायसिनही तेथे होऊ लागले. हा कारखाना केवळ परकी कृतीबरहुकूम माल काढणारा नव्हता. तेथील संशोधक एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन हे औषध शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याला पिंपरीच्या नावावरून 'पिंप्रिना' असे नाव देण्यात आले. मराठी मुलखातील एका गावाचे नाव अशा रीतीने जीवशास्त्राच्या नामावलीत गेले.

पिंपरीच्या कारखान्याने पेनिसिलिनची दुर्मिळता कमी केली. ज्या आजारांत पूर्वी केवळ दैवावर हवाला ठेवावा लागे, त्यांत तालुक्याच्या डॉक्टरच्या हातीही खात्रीचे साधन आले. या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु स्वस्ताईबरोबर एक वृत्तीही आली. 'सुई टोचली म्हणजे गुण येतो' ही समजूत गावोगाव रुजली. आणि ताप, पडसे, अंगदुखी यांवर सुई न टोचणारा डॉक्टर लोकांना कमी प्रतीचा वाटू लागला. पडसे व बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काही एक परिणाम होत नाही, ही गोष्ट शास्त्राला ठाऊक होती. परंतु ती दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रोग्यापर्यंत कोणी पोहोचविली नाही. १९९० नंतरच्या काळात पिंपरीचा कारखाना तोट्यात गेला. त्याच्याभोवती वाढलेली वृत्ती मात्र तोट्यात गेली नाही.

क्षयरोगाने शिकविलेला नियम

प्रतिजैविकांच्या शास्त्रातील सर्वांत कठोर नियम क्षयरोगाने शिकविले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत वाक्समनच्या प्रयोगशाळेत लागला. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ दगावले. यशाचा हा आकडा डोळे दिपविणारा होता. तथापि त्याच चाचणीत असेही दिसून आले की, औषध मिळालेल्या बहुतेक रोग्यांच्या थुंकीतील जंतू काही आठवड्यांतच त्या औषधाला दाद देईनासे झाले. आणि काही वर्षांनी दोन्ही गटांतील अंतर पुष्कळसे मिटून गेले. एकच औषध एकट्याने दिले तर जंतूंपैकी जे थोडे जन्मतःच चिवट असतात तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते, हे यावरून सिद्ध झाले. १९५० साली स्ट्रेप्टोमायसिनला पॅस या दुसऱ्या औषधाची जोड देण्यात आली, तेव्हा चिवट जंतूंचे प्रमाण एकदम घटले. क्षयाला एकाच वेळी अनेक औषधे द्यावीत, हा नियम तेव्हापासून दृढ झाला.

दुसरा नियम मद्रासने दिला. १९५६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या केमोथेरपी केंद्राने क्षयाच्या रोग्यांचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात ठेवून आणि दुसऱ्याला त्याच्या घरीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषधे नियमित घेतली तर घरी राहिलेला रोगीही जवळजवळ तितकाच बरा होतो. मिरज, शिवडी अशा ठिकाणच्या रुग्णालयांत खाट मिळण्याची वाट पाहणाऱ्या गरीब कुटुंबांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व अपार होते. परंतु वाक्यातील अट विसरून चालणार नाही. 'नियमित' हा शब्द त्या वाक्याचा प्राण होता. भिंतींच्या आतील शिस्त आता घरी आणावयाची होती, आणि ती आणणारी यंत्रणा उभी राहावयास पुढची चार दशके लागली.

ही यंत्रणा दुबळी राहिली याचा पुरावा मुंबईने दिला. मुंबईतील १०० खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या रोग्यासाठी औषधयोजना लिहावयास सांगितले असता त्यांनी ८० वेगवेगळ्या योजना लिहिल्या, असे मुकुंद उपळेकर व शेपर्ड यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. सुमारे दोन दशकांनी, २०१० मध्ये, झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीत तोच प्रयोग पुन्हा केला. १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या आणि त्यांपैकी अवघ्या ६ जणांची चिठ्ठी बरोबर होती. पुढे २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून अशा चार रोग्यांचे वृत्त प्रसिद्ध झाले की, ज्यांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. या स्थितीला कोणते नाव द्यावे यावरून सरकार व वैद्य यांच्यात वाद झाला. वस्तुस्थितीविषयी वादाला जागा नव्हती. चौघांपैकी तिघांना पूर्वी निरनिराळ्या खाजगी डॉक्टरांनी दुसऱ्या फळीची औषधे एकेक करून, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत दिलेली होती. १९४८ मध्ये चाचणीने जे सांगितले तेच २०११ मध्ये रोग्यांच्या देहांवर पुन्हा लिहिले गेले. २०१२ मध्ये क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले.

औषधाचा अपाय

परिणामकारकता ही एक बाजू झाली. सुरक्षितता ही दुसरी. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ साली विषमज्वरावर गुणकारी ठरले. तीन-चार आठवडे चालणारा आणि पुष्कळदा जिवावर बेतणारा तो ताप काही दिवसांत उतरू लागला. परंतु त्यानंतर थोड्याच वर्षांत असे दिसून आले की, क्वचित एखाद्या रोग्याच्या हाडांतील मज्जा या औषधाने कायमची करपते, रक्त तयार होणे थांबते आणि मृत्यू ओढवतो. विषमज्वरात हा धोका पत्करणे योग्य होते. कारण रोगच प्राणघातक होता. तेच औषध साध्या पडशावर देणे म्हणजे क्षुल्लक लाभासाठी प्राण पणाला लावणे होय. औषध तेच, मात्रा तीच. परंतु एका ठिकाणी तो विवेक ठरतो व दुसऱ्या ठिकाणी अविवेक. स्ट्रेप्टोमायसिनने येणारे बहिरेपण, टेट्रासायक्लिनने मुलांच्या दातांवर कायमचे पडणारे डाग, पेनिसिलिन न सोसणाऱ्या व्यक्तीला सुई टोचताच येऊ शकणारा प्राणांतिक झटका, ही सर्व उदाहरणे एकाच नियमाकडे बोट दाखवितात. रोग्याचे वय, गर्भावस्था, मूत्रपिंड व यकृत यांची स्थिती आणि पूर्वी एखादे औषध बाधले होते काय, हे विचारल्यावाचून चिठ्ठी लिहू नये.

क्लोरॅम्फेनिकॉलने आणखी एक धडा दिला. १९७२ साली केरळातील कालिकत येथे त्याला दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. चोवीस वर्षांपूर्वी जे हुकमी होते, ते तेथे निरुपयोगी ठरले. औरंगाबादेत मलिक अंबराच्या काळापासूनच्या नहरींनी शहागंजपर्यंत पाणी पोहोचविले होते. शुद्ध पाणी व सांडपाण्याची नीट व्यवस्था असेल तर विषमज्वर मुळातच कमी होतो आणि औषधाची गरजच उरत नाही, हे सत्य अशा साथींनी अधोरेखित केले. प्रतिजैविक वाचविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग पुष्कळदा दवाखान्यात नसून नळात व गटारात असतो.

गडचिरोलीचा प्रयोग

येथवरच्या विवेचनावरून असा ग्रह होण्याचा संभव आहे की, प्रतिजैविक केवळ तज्ज्ञाच्याच हाती असावे आणि सामान्यांपासून दूर ठेवावे. हा ग्रह कसा एकांगी आहे, हे गडचिरोलीने दाखवून दिले. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या जिल्ह्यातील खेड्यांत बालमृत्यूंचा अभ्यास केला. न्यूमोनियाने मुले मरत होती, आणि डॉक्टर कित्येक मैल दूर होता. संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना व दाईंना एक अत्यंत साधी गोष्ट शिकविली : मुलाचा श्वास मोजणे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा त्याहून अधिक असेल, तर खोकला साधा नव्हे, तो न्यूमोनिया समजावा आणि कोट्रायमोक्साझोल द्यावे. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे एक मोजणीयंत्र बनविण्यात आले. १९९० साली 'लान्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू प्रयोगाच्या गावांत ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५. पुढे नवजात अर्भकांच्या जंतुदोषावर गावातच इंजेक्शन देण्याचा प्रयोगही याच संस्थेने केला व तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या घरी दिलेल्या या एकूण सेवेने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

या प्रयोगाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्या दाईला अक्षर येत नव्हते तिने प्रतिजैविक अधिक सुरक्षितपणे दिले, आणि ज्याच्या भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र टांगलेले होते अशा कित्येक डॉक्टरांनी ते चुकीच्या रीतीने दिले. भेद शिक्षणाच्या पातळीचा नव्हता. भेद असा की, दाईपाशी औषध देण्यापूर्वी लावावयाची एक निश्चित कसोटी होती व ती कसोटी ती प्रत्येक वेळी लावीत असे. श्वास जलद नसेल तर औषध नाही, हे तिला जेवढे पक्के ठाऊक होते, तेवढेच श्वास जलद असेल तर विलंब नाही, हेही ठाऊक होते. प्रतिजैविकांच्या अतिवापराइतकाच त्यांचा अभावही प्राणघातक असतो, आणि दोन्हींवरचा उपाय एकच, तो म्हणजे कसोटी.

कायदा आणि दुकानाचा कट्टा

भारतात औषधांचा कायदा १९४० सालचा असून त्याखालील नियम १९४५ सालचे आहेत. प्रतिजैविके डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा निर्बंध या नियमांच्या परिशिष्टात आहे. परंतु दुकानाच्या कट्ट्यावर हा निर्बंध दीर्घकाळ नाममात्र राहिला. तीन दिवसांच्या गोळ्यांची पट्टी कापून दोनच गोळ्या घेणे, जुन्या चिठ्ठीवर नव्या तापाचे औषध नेणे, शेजाऱ्याला गुण आला म्हणून तेच औषध मागणे, हे प्रकार देशातील कोणत्याही पेठेत नित्याचे झाले. त्याचे कारण केवळ विक्रेत्याचा लोभ हे नव्हे. रोजंदारीवर जगणाऱ्या मनुष्याला डॉक्टरची फी, तपासणीचा खर्च आणि बुडालेली मजुरी या तिन्हींपेक्षा दुकानदाराची दोन शब्दांची विचारपूस स्वस्त पडते. त्याच्या दृष्टीने तो अविवेकी नसतो. त्याच्यापुढे जे पर्याय असतात त्यांत तो हिशेबीच वागतो. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा व वापर यांचा अभ्यास करून १९९८ साली ग्रंथरूपाने जे मांडले, त्यावरून हा दोष एका दुकानाचा वा एका डॉक्टराचा नसून औषधव्यवहाराच्या एकूण घडणीचा आहे, हे स्पष्ट होते.

पुढे बंधने कडक होत गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये 'एच-१' हे नवे परिशिष्ट काढण्यात आले व ते १ मार्च २०१४ पासून अमलात आले. त्यातील ४६ औषधांत क्षयाची औषधे आणि अनेक प्रभावी प्रतिजैविके आहेत. यांच्या विक्रीची स्वतंत्र वही विक्रेत्याने ठेवावी, तीत डॉक्टरचे व रोग्याचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची नोंद करावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घालण्यात आली. २०१९ साली कोलिस्टिन या अखेरच्या फळीच्या औषधाचा पशुपालनातील वापर बंद करण्यात आला. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेले औषध माणसाच्या अतिदक्षता विभागात निकामी ठरते, ही गोष्ट आता कल्पनेची राहिली नव्हती. जंतूंच्या प्रतिकारामुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लक्ष ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज 'लान्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला.

चिकलठाण्याचे नवे औषध

या इतिहासाला औरंगाबादेतच एक नवे वळण मिळाले. शहागंजच्या पूर्वेस, जालना रस्त्यावरील चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आहे. लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन हे या कंपनीचे प्रतिजैविक भारतात २०२० साली मान्य झाले. त्यापाठोपाठ नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरील औषध सुमारे चौदा वर्षांच्या परिश्रमांनंतर तयार झाले आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते त्याचे औपचारिक अनावरण झाले. दिवसातून एकदा, आणि अवघे तीन दिवस, अशी त्याची योजना आहे.

ही तीन दिवसांची मुदत विचार करण्यासारखी आहे. पूर्वी दीर्घ मुदत म्हणजे सुरक्षितता असे समजले जाई. अलीकडील चाचण्यांनी अनेक रोगांत ही समजूत ढिली केली असून, जितके दिवस औषध अधिक तितकी शरीरातील इतर निरुपद्रवी जंतूंनाही चिवट होण्याची संधी अधिक, असे दिसून आले आहे. क्षयासारख्या रोगात मात्र महिनोन्‌महिन्यांची मुदत अपरिहार्यच आहे. म्हणून 'दीर्घ' किंवा 'अल्प' हा नियम नसून 'त्या रोगासाठी सिद्ध झालेली मुदत' हा नियम आहे. आणि ती ठरविण्याचा अधिकार रोग्याच्या वाटण्याला किंवा पट्टीच्या किमतीला नसून पुराव्याला आहे.

नवे औषध शोधण्यास चौदा वर्षे लागतात. ते निकामी करण्यास किती लागतात, याचे उत्तर १९४८ च्या चाचणीत काही आठवडे असे आले होते. या दोन कालावधींतील विषमता हाच प्रश्नाचा गाभा होय. चिकलठाण्यात जे कमावले जाते ते शहागंजातल्या कट्ट्यावर गमावले जाऊ शकते; आणि तेथेच ते राखलेही जाऊ शकते.

उपसंहार

सारांश, प्रतिजैविक लिहून देण्याचे नियम संख्येने थोडे आहेत. रोग जंतुजन्य आहे याची शक्य तेवढी खात्री करावी. गंभीर रोग्यात पहिली मात्रा देण्यापूर्वी तपासणीसाठी नमुना घ्यावा, परंतु त्याची वाट पाहत औषध थांबवू नये. निकाल हाती आल्यावर औषध नेमके व शक्य तितके मर्यादित पल्ल्याचे करावे. मात्रा पूर्ण द्यावी, मुदत सिद्ध झालेली असावी. एक औषध जेथे पुरेसे आहे तेथे दोन देऊ नयेत, आणि क्षयात एकटे एक कधीही देऊ नये. अपायाची पूर्वचौकशी करावी, आणि जपून ठेवावयाची औषधे जपून ठेवावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांची सुलभ, सावध व राखीव अशी जी त्रिविध वर्गवारी केली आहे तिचा आशय हाच.

हे नियम फ्लेमिंगच्या काळापासून बहुतांशी ज्ञात होते. म्हणून इतिहासाचा निष्कर्ष असा की, उणीव ज्ञानाची नव्हती, ज्ञान व कट्टा यांच्यामधील अंतराची होती. गडचिरोलीत हे अंतर एका मण्यांच्या माळेने मिटविले गेले. ज्या पेठेत औषध विकले जाते त्या पेठेत स्वस्त तपासणी, फुरसतीने ऐकणारा डॉक्टर आणि 'या तापाला हे औषध लागत नाही' असे सांगण्यास धजणारा विक्रेता, या तिन्ही गोष्टी उपलब्ध झाल्या, तर 'एच-१'ची वही ही केवळ कायद्याची सक्ती राहणार नाही. समाजाच्या सामाईक ठेव्याची ती हिशेबवही होईल. 'गंज' या शब्दाचा बाजार हा अर्थ शहागंजने तीन शतके सांभाळला आहे. प्रतिजैविकांच्या बाबतीत त्याचा दुसरा अर्थ, खजिना, सांभाळण्याची वेळ आता आली आहे.